‘हा पुरातला माल नाही ना?’ : गणपती पेठेतल्या एका हळद दुकानाचं प्रकरण

ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका हळद-मसाल्याच्या दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा मेसेज आला. ‘ताई, राग मानू नका, पण विचारते. आता पाठवताय ती हळद पुरातली नाही ना?’ दुसऱ्या दिवशी तसेच आणखी काही मेसेज आले. त्यातल्या एकात ‘राग मानू नका’ एवढंही नव्हतं.

या एका प्रश्नाला त्या घरानं कसं उत्तर दिलं, त्याचं हे प्रकरण. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवतो. धंदा आणि समाजमाध्यमं हा विषय निघाला की मोठ्या कंपन्यांची उदाहरणं हाताशी असतात, पण त्यांच्या मागं जाहिरात संस्था असते, वकील असतात, पगारी माणसं असतात. आपल्या मुलांपैकी बहुतेक जण उद्या ज्या दुकानात बसणार आहेत तिथं एक फोन असतो आणि तो घरातल्या कुणाच्या तरी हातात असतो. म्हणून मला हे प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. दुकानाचं आणि माणसांचं नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेलं नाही. मेसेज मात्र त्यांनी मला फोनवरच वाचायला दिले.

दुकान आणि फोन

घराचा मूळ धंदा हळकुंडाच्या ठोक व्यापाराचा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात तिचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एके काळी कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवली जायची. २००५ च्या पुरात त्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि ती पद्धत जवळजवळ मोडली. पुराचं आणि हळदीचं वैर या गावाला नवं नाही.

दुकानात अण्णा बसतात, सत्तरीकडं झुकलेले. ठोक व्यापार ते आणि त्यांचा मुलगा बघतात. किरकोळ विक्री सुरू केली ती सुनेनं. कामगार तिला वहिनी म्हणतात, गिऱ्हाइकं ताई म्हणतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पेठ बंद पडली, तेव्हा तिनं व्हॉट्सअॅप बिझनेसवर दुकानाचं खातं उघडलं आणि पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना, मग त्यांच्या शेजाऱ्यांना हळद पूड आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी कुरिअरनं पाठवायला लागली. पॅकिंग विश्रामबागेतल्या घरी, दळण कुपवाडच्या गिरणीत. चटणी डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटलेली.

त्या अॅपमध्ये गिऱ्हाइकाच्या नावाला लेबल लावता येतं. नवी ऑर्डर, पैसे आले, ऑर्डर पूर्ण अशी तयार लेबलं सगळेच वापरतात. वहिनींनी स्वतःची केली : ‘तिखट कमी’, ‘लसूण नको’, ‘लेकीला परदेशी पाठवायची’. पार्सल पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी त्या विचारायच्या, चटणी कशी झाली, मीठ पुढं-मागं वाटतं का. बायका उत्तरादाखल मोठमोठे व्हॉइस मेसेज पाठवायच्या. त्यात चटणीपेक्षा घरच्याच गोष्टी जास्त. नवऱ्याला हे वेळ घालवणं वाटायचं, कारण त्यातून लगेच ऑर्डर निघत नसे. दुकानाचं फेसबुक पानही होतं आणि भाचा इन्स्टाग्रामवर रील टाकायचा. त्यावर बघे भरपूर, गिऱ्हाइकं थोडी.

पाणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा या दुकानाचं जे नुकसान झालं, त्यातून त्यांनी पेठेत भक्कम माळा टाकून घेतला आणि बराच माल कुपवाडला ठेवायला सुरुवात केली. २०२१ च्या जुलैत कोयना-महाबळेश्वर पट्ट्यात अतिवृष्टी झाली. सांगलीकर अशा वेळी बहे, ताकारी, भिलवडी असे एकेका पुलाचे आकडे वाचत बसतात, कारण वर वाढलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो आणि तेवढाच वेळ हातात असतो. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. चाळीस ओलांडल्यावर पोती माळ्यावर चढवायला घेतली. चढली तेवढी चढली. पाणी ५५ फुटांच्या आसपास जाऊन थांबलं. खाली राहिलेली हळकुंडाची पोती पाण्यात गेली.

घरातली माणसं सुखरूप होती. पण वीज नाही, रेंज येऊन-जाऊन, फोन गाडीच्या बॅटरीवर चार्ज करायचा, अशी अवस्था होती. श्रावण आणि गणपती तोंडावर असल्यानं कितीतरी घरांचे पैसे आधीच आलेले होते.

रेंज मिळाल्यावर वहिनींनी पहिला मेसेज ब्रॉडकास्टनं, म्हणजे एकच मजकूर एकदम सगळ्यांना, पाठवला : दुकानात पाणी आलंय, आम्ही सगळे ठीक आहोत, पार्सलं उशिरा निघतील. इथं एक तांत्रिक गोष्ट आडवी आली आणि ती प्रत्येक छोट्या दुकानदाराला माहीत असायला हवी. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवलेला आहे. जुन्या बायकांनी तो ठेवला होता. एकीकडून दुसरीकडं नंबर जाऊन नुकत्याच जोडल्या गेलेल्या, म्हणजे ज्यांचा विश्वास अजून बसायचा होता, नेमक्या त्यांच्याकडं तो नव्हता. त्यांना काहीच कळलं नाही. पाठवणाऱ्याला वाटत राहतं, सांगून झालं.

त्यातल्या एका बाईंनी गूगलवर दुकानाला एक तारा देऊन लिहिलं : ‘पैसे घेतले, माल नाही, फोन बंद.’ त्यांच्या जागी कुणीही हेच लिहिलं असतं. वहिनींनी त्याखाली उत्तर लिहिलं की सांगलीत पूर आहे, फोनला रेंज नव्हती, तुम्हाला कळवायला हवं होतं ते पोचलं नाही, क्षमा करा, तुमच्याशी वेगळं बोलते. ऑर्डर काय होती, पैसे किती, यातलं काही त्यांनी तिथं मांडलं नाही. गिऱ्हाइकाचा व्यवहार चारचौघांत उघडा करायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पैसे त्याच दिवशी परत केले. तो एक तारा अजून तिथं आहे आणि त्याखालचं उत्तरही. मला त्यात गैर काही दिसत नाही. नवा माणूस दोन्ही वाचतो.

मग त्यांनी ऑर्डरची वही काढली आणि एकेका घराला स्वतंत्र मेसेज लिहिला. प्रत्येकात नाव, प्रत्येकात त्या घरची ऑर्डर.

दुकानापुढची पोती

पाणी उतरल्यावर भिजलेली पोती लगेच फेकता आली नाहीत. नुकसान भरपाईसाठी पंचनामा व्हायचा होता, विम्याचा सर्व्हेअर यायचा होता, आणि तोवर माल जागेवर दिसायला हवा. म्हणून पोती दुकानापुढं रचून ठेवली. पेठेत अशी कितीतरी दुकानं होती. आंबूस वास रस्त्याच्या टोकापर्यंत यायचा. येणारे-जाणारे फोटो काढत होते आणि त्यांना नावं ठेवता येत नाहीत, पुराचे फोटो सगळेच काढतात.

त्याच सुमाराला एक फॉरवर्ड फिरायला लागलं. रस्त्यावर वाळत घातलेल्या धान्यासारख्या कशाचा तरी फोटो, आणि खाली मजकूर की सांगलीचे व्यापारी पुरात भिजलेली हळद वाळवून, दळून विकताहेत, ओळखीत सगळ्यांना सांगा. त्यात कुठल्याच दुकानाचं नाव नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यांना लागू पडत होतं. व्हॉट्सअॅपनं एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली आहे, फार फिरलेला मेसेज तर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तरी गृहनिर्माण सोसायट्यांच्या ग्रुपमधून तो फिरतच होता. दुकानदाराची खरी अडचण अशी की हे ग्रुप बंद दाराआडचे असतात. तिथं काय बोलणं चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि तिथं जाऊन त्याला बोलताही येत नाही.

घरात तीन मतं पडली. मुलानं उत्तर लिहूनच ठेवलं होतं : ‘आमच्या मालाबद्दल अफवा पसरवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ अण्णांचं म्हणणं, गप्प बसा. ‘ज्याला ठाऊक नाही त्यालाबी आपणच सांगायचं का, की पोती भिजली म्हणून?’ त्यांच्या आयुष्यभराच्या व्यापारात हा नियम खोटा ठरलेला नव्हता. ठोक बाजारात माणूस समोर येतो, पोत्यात हात घालतो, स्वतः बघतो. तिथं बोलण्याची गरजच पडत नाही.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. ‘विचारणारी आपलीच गिऱ्हाइकं आहेत, अण्णा. जी विचारत नाहीत ती आधीच दुसरीकडं गेली असतील.’

मला हे वाक्य सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटतं. शंका बोलून दाखवणारं गिऱ्हाईक अजून तुमच्याकडं राहायला तयार असतं. कायद्याचा धाक घातलेला मेसेज त्या पुण्याच्या बाईंना गेला असता, तर त्यांनी इतक्या अजीजीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून दिल्यासारखं झालं असतं. आणि गप्प बसणं म्हणजे त्या फॉरवर्डला एकट्याला बोलू देणं.

उत्तर

शेवटी जो मजकूर गेला तो असा :

‘नमस्कार. पेठेतल्या आमच्या दुकानात पाणी आलं होतं हे खरं आहे. खाली ठेवलेली हळकुंडाची पोती भिजली. ती आम्ही दळणार नाही आणि विकणारही नाही. पंचनामा होईपर्यंत ती दुकानापुढं ठेवावी लागली आहेत. तुमच्याकडं येणारी पूड कुपवाडला ठेवलेल्या हळकुंडाची आहे, तिथं पाणी आलेलं नाही. भिजलेली हळद दळली तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड असतं. म्हणून ज्यांना शंका वाटते त्यांनी पूड घेऊ नका. अख्खी हळकुंडं मागवा, मोडून बघा आणि तुमच्या ओळखीच्या गिरणीत दळा. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी नुसतं परत एवढंच लिहा, कारण विचारणार नाही.’

अण्णांचा आक्षेप ‘ओळखणं अवघड असतं’ या वाक्याला होता. आपणच आपल्या विरोधात कशाला लिहायचं? ते वाक्य काढायचं की ठेवायचं यावर रात्री बरंच बोलणं झालं. राहिलं, आणि माझ्या मते त्याच वाक्यानं बाकीच्या वाक्यांना वजन आलं. वाचणाऱ्या बाईंच्या मनात नेमकी हीच भीती होती, आपल्याला कळणार कसं? दुकानदारानं ती स्वतःहून बोलून दाखवली आणि लगेच तिच्यावर इलाजही दिला. नुसतं ‘आमचा माल शंभर टक्के शुद्ध’ लिहिलं असतं तर ते वाक्य प्रत्येक पाकिटावर असतंच.

सोबत एक छोटा व्हिडिओ गेला. आक्षेप घेणाऱ्या अण्णांनाच वहिनींनी त्यात बसवलं. पांढरी टोपी, गादीवर मांडी घातलेली, हातात एक हळकुंड. नीट उकडून खडखडीत वाळवलेलं हळकुंड मोडलं की धातूवर टिचकी मारावी तसा आवाज येतो आणि आत गर्द केशरी रंग दिसतो. अण्णांनी ते फोनच्या अगदी जवळ धरून मोडलं. मग भिजलेल्या पोत्यातलं एक घेतलं. ते मोडलंच नाही, वाकलं आणि दबलं, आणि सालीवर पांढुरकी बुरशी दिसली. ‘ह्यो आवाज आला नाही तर घेऊ नका, आमच्याकडनं बी घेऊ नका,’ एवढंच ते बोलले. संगीत नाही, अक्षरं नाहीत. मागं कुणीतरी खराट्यानं गाळ ओढत असल्याचा आवाज तेवढा आहे.

भाच्यानं त्याच काळात दुसरी कल्पना मांडली होती. पाण्यातलं दुकान, रडवेली धून, आणि ‘सांगलीला साथ द्या’ असं रील. बघे मिळाले असते यात शंका नाही. काही अनोळखी लोक इन्स्टाग्रामवर पैसे कुठं पाठवायचे असं विचारतही होते. वहिनींनी दोन्हीला नकार दिला. ज्यांचं घरच गेलं त्यांच्यासाठी लोकांनी द्यावं, दुकानासाठी नको. देणाऱ्याचं नातं दयेचं होतं आणि पुढच्या वर्षी चटणी तिखट झाली तर तो बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या. हा विचार मी इतक्या स्पष्ट शब्दांत दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

पुढं काय झालं

पहिला प्रश्न विचारणाऱ्या पुण्याच्या बाईंनी तो मजकूर आणि अण्णांचा व्हिडिओ आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथं ते फॉरवर्ड आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं. दुकानाला जिथं पाय ठेवता आला नसता, तिथं एका गिऱ्हाइकानं स्वतःच्या नावानं साक्ष दिली. ती देता आली, कारण तिच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी होतं, आणि द्यावीशी वाटली, कारण गेलं वर्षभर कुणीतरी तिला मीठ पुढं-मागं वाटतं का असं विचारत होतं. त्या निरुद्योगी वाटणाऱ्या गप्पांचा हिशेब इथं लागला. नवऱ्यानंही तो पुढं मान्य केला.

काही घरांनी ‘परत’ लिहिलं. त्यांचे पैसे गेले, प्रश्न विचारला नाही. त्यातली काही दिवाळीच्या आधी आपणहून परत आली, काही कायमची गेली. अख्खी हळकुंडं बऱ्याच जणींनी मागवली. काहींनी मोडतानाचा आवाज रेकॉर्ड करून उलट पाठवला. शहरात हळद दळून देणारी गिरणी शोधणं सोपं नसतं, त्यामुळं पुढच्या खेपेला बहुतेक पुन्हा पुडीवर आल्या. पण अख्खं हळकुंड यादीत कायम राहिलं. हळदी-कुंकवाला आणि लग्नाला लागतंच. त्या सोसायटीतून आता एकच मोठं पार्सल एकत्र मागवलं जातं, वाटणी त्या बाई करतात.

त्यांनी प्रयोगशाळेत नमुनाही दिला होता. अहवाल चांगला आला, पण उशिरा आला, आणि पाठवलेली फाइल फार कमी जणींनी उघडली. तपासणी करू नये असं मी म्हणणार नाही, उलट करावीच. पण समोरच्याला स्वतःच्या हातानं पारखता येईल असं काही दिलं तर ते जास्त पटतं, एवढं यातून दिसतं.

ठोक व्यापाराला या सगळ्याचा काही फायदा झाला नाही. तिथं अण्णांनी जुन्या व्यापाऱ्यांना एकेक फोन लावला, माणसं आली, माल बघून गेली. समाजमाध्यमं सगळीकडं सारखीच कामाला येतात असा समज असेल तर याच दुकानाची दुसरी बाजू बघावी.

फोन कुणाच्या हातात

प्रकरण इथं संपवता आलं असतं, पण एक गोष्ट मला राहवत नाही. त्या पंधरवड्यात वहिनी दिवसा गाळ काढत होत्या आणि रात्री बारा-साडेबारापर्यंत उत्तरं लिहीत होत्या. घरात त्याला ‘ती फोनवर असते’ असं म्हणायचे. दुकानातला हमाल, दिवाणजी, गिरणीवाला, सगळ्यांचा मोबदला वहीत लिहिला जात होता. ज्या कामानं किरकोळ धंदा तरला त्याची नोंद कुठंच नव्हती. छोट्या गावांत समाजमाध्यमांवरची दुकानं मोठ्या प्रमाणावर घरातल्या बायका चालवतात आणि हे काम कामात धरलं जात नाही. ते धरलं गेलं नाही तर एक दिवस ती व्यक्ती थकते, उत्तरं तुटक होतात, आणि गिऱ्हाइकाला त्याचं कारण कधी कळत नाही. आमच्या अभ्यासक्रमात या खर्चाला शीर्षकच नाही. असायला हवं.

बोलणं वहिनींनी स्वतःच काढलं, पंचनाम्याचे कागद जुळवताना. नुकसानीच्या यादीत पोती, वजनकाटा, पंखे, फर्निचर सगळं होतं. त्यांनी विचारलं, माझ्या कामाचे पैसे कुठं लिहायचे? मुलगा काही बोलला नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये लक्ष्मीपूजनाच्या नव्या वहीत त्यांच्या नावाचं पगाराचं पान घातलं.

त्यानंतरच्या व्यवस्था साध्या आहेत. दर वर्षी मेच्या शेवटी सगळ्या घरांना एक मेसेज जातो : नंबर साठवून ठेवा, पूर आला तर याच नंबरावरून कळवू, माल कुपवाडला आहे. खातं दुसऱ्या उपकरणावरही जोडलंय, म्हणजे एक फोन बंद पडला तरी उत्तर अडत नाही. भाच्यानं नंतर व्हॉट्सअॅप चॅनेल उघडलं. चटणीचं कुटण कधी सुरू होणार, नवी हळद कधी आली, एवढं त्यावर जातं. तिथं गिऱ्हाइकाला उलट लिहिता येत नाही, म्हणून प्रश्नोत्तरं जुन्या नंबरावरच राहिली. रविवारी फोन भाच्याकडं असतो. रात्री नऊनंतर आपोआप एक ओळ जाते : ‘मेसेज मिळाला. सकाळी दहाला उत्तर देते.’ याबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही.